पहाटे तीनची भांडी

पहिली वाफ आली ती चटणीच्या कांडपात. त्यामुळं ती वाफ आहे हेच मला कळलं नाही.

एप्रिल-मे म्हणजे कोल्हापुरात वर्षाच्या चटणीचे दिवस. बाहेरगावच्या माणसाला चटणी म्हटलं की डोशाशेजारची वाटी आठवते. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी चवीला आणि मूठभर लवंगी नवऱ्याच्या हट्टाला. धने, तीळ, खोबरं, खडा मसाला घरी भाजून डबे भरायचे आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या कांडपात नंबर लावायचा. त्या दिवशी आम्ही सहा-सातजणी तोंडाला पदर बांधून भिंतीला टेकून बसलो होतो. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली होत होती. आणि एकदम छातीच्या मधोमध कुणीतरी स्टोव्हला काडी लावावी तसं झालं. तिथनं जाळ गळ्यावर, कानशिलांवर, केसांच्या मुळांत. पाठीवरनं घामाची धार कमरेपर्यंत आली, ब्लाऊज चिकटला, छाती धडधडायला लागली. दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरलं आणि त्या भट्टीसारख्या खोलीत मला चक्क हुडहुडी भरली.

शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिथं कोण घामाघूम नव्हतं?

मीही मिरचीलाच दोष दिला. मग तेच ऑफिसात झालं, डोक्यावर पंखा फिरत असताना. मग रात्री अडीचला. उशी ओली, गाऊन ओला, नवरा पांघरूण ओढून घोरतोय आणि मी खिडकीत तोंड घालून उभी. मला ब्लडप्रेशरची शंका आली, मग हार्टची. वय ४८. पाळी वर्षभर अशी चालली होती की दोन महिने दांडी, मग पंधरा दिवसांत दोनदा. पण हे त्याच्याशी जोडावं हे काही डोक्यात आलं नाही. ज्या डॉक्टरांकडं पहिल्यांदा गेले त्यांनी प्रेशर मोजलं, ‘या वयात चालायचंच’ म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. चालायचंच म्हणजे काय आणि किती दिवस, हे विचारायचं राहूनच गेलं. मागं दहा पेशंट बसले होते.

दुसऱ्या डॉक्टरीणबाई वेगळ्या निघाल्या. त्यांनी आधी थायरॉइड तपासायला लावलं, कारण थायरॉइड वाढला तरी असाच घाम फुटतो आणि धडधडतं. तो नॉर्मल आला. मग त्यांनी कागदावर दोन रेघा काढून समजावलं. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी जागा असते. बाहेर थोडं गरम-गार झालं तरी ती मनावर घेत नाही. दोन रेघांच्या मध्ये आहे ना, मग ठीक. इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या शरीरातलं मुख्य हार्मोन, घटायला लागलं की या रेघा जवळ येतात. मग एक कप चहा प्याला, जिना चढला, कुणावर चिडलं, एवढंही पुरतं. मेंदूला वाटतं अंग तापलं. तो कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो, आणि नको इतकं गार करून ठेवतो. म्हणून शेवटी हुडहुडी. पाळी सलग १२ महिने आली नाही की मेनोपॉज झाला म्हणायचं, तेही मागं वळून बघून. आपल्याकडं ते साधारण ४६-४७ ला होतं. वाफा मात्र त्याच्या आधीच सुरू होऊ शकतात.

‘किती दिवस?’ हा प्रश्न इथं विचारला. त्या म्हणाल्या, अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं माग ठेवून केलेला एक अभ्यास आहे. ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांतल्या निम्म्याजणींना त्या ७.४ वर्षांपेक्षा जास्त काळ येत राहिल्या. मी मनात हिशेब केला. ५५. म्हणजे धाकट्याचं लग्नसुद्धा घामातच.

हार्मोनच्या गोळ्यांचं त्यांनीच काढलं. वाफांवर त्यांच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही, साठीच्या आतल्या, मेनोपॉजला दहा वर्षं झालेली नाहीत अशा निरोगी बाईला त्यांचा फायदा बहुतेक वेळा जोखमीपेक्षा जास्त असतो, या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग वाढतो म्हणून २००२ मध्ये जी घबराट पसरली होती ती आता बरीच निवळलीय, हे सगळं त्यांनी सांगितलं. पण माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला. ‘एवढ्यावरनं गोळ्या बादच असं नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण घाईही नको. विचार करा.’ मी विचार केला आणि आधी घरचं काय जमतं ते बघायचं ठरवलं. हे मुद्दाम लिहितेय. ‘नैसर्गिक’ या शब्दावर माझी काही भक्ती नाही. विंचूही नैसर्गिकच असतो.

आता घरचं काय जमतं, हे कोल्हापुरात कुणाला विचारावं लागत नाही. भाजीवालीसुद्धा सांगते. गुलकंद खा. सब्जा भिजवून घे. धन्या-जिऱ्याचं पाणी पी. कोकम. वाळा. कोहळ्याचा रस. चंद्रनाडी, म्हणजे डाव्या नाकपुडीचा श्वास, सुरू कर. जवस खा. सोयाबीन खा. शतावरी घे. आणि सगळ्यांचा एकमुखी निकाल: तिखट सोड. तांबडा रस्सा बंद. जाऊबाईंनी तर मला पांढऱ्या रश्श्यावर आणून ठेवलं, जणू मी आजारी माहेरवाशीण.

मी राजारामपुरीतल्या एका सीएच्या ऑफिसात २२ वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहितेय. पुरावा नसलेली नोंद मला पचत नाही. मी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली आणि स्वतःचं खातं उघडलं. दिवसाच्या वाफेला लाल टिपका, रात्रीच्या वाफेला काळा. खाली बारीक अक्षरात त्या दिवशी काय खाल्लं, काय घडलं. तीन महिन्यांत ५४३ टिपके झाले. नवऱ्याला वाटलं मी दुधाचा हिशेब ठेवतेय.

मग एका रविवारी पेन्सिल घेऊन बसले आणि ताळा बघितला. तांबडा रस्सा निर्दोष. बुधवारी आणि रविवारी, म्हणजे आमच्या घरी मटण शिजतं त्या दिवशी, टिपके इतर वारांइतकेच. आपण उगीच एका थोर पदार्थाची बदनामी करत होतो. खरा चोर निघाला ऑफिसातला चार वाजताचा चहा. तो उकळता चहा प्याला की दहा मिनिटांत लाल टिपका, दोन दिवसांआड तरी नक्कीच. दुसरा चोर लाईट गेलेली रात्र. आणि तिसरा बघून मला एकटीलाच हसू आलं: दर महिन्याच्या १८, १९, २० तारखेला टिपक्यांची नुसती रांगोळी. २० तारीख म्हणजे जीएसटीचं रिटर्न भरायची शेवटची तारीख. माझ्या शरीराला चंद्राची कला कळायची बंद झाली होती, पण सरकारी मुदत बरोब्बर कळत होती.

हे माझं खातं. तुमच्या खात्यात तिखटच चोर निघेल, कुणाच्यात दारू निघेल, कुणाच्यात काहीच निघणार नाही. पण दुसरीच्या जमाखर्चावर आपला ताळेबंद मांडू नये.

त्याच वहीनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. तिसऱ्या महिन्यात टिपके आपोआप कमी झाले होते. मी काही सुरूच केलं नव्हतं तेव्हा. चौथ्या महिन्यात परत वाढले. वाफांचं असंच असतं, भरती-ओहोटी. आणि माणूस औषध घेतं ते भरती असताना, त्रास शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ओहोटी यायचीच असते, पण श्रेय जातं गुलकंदाला.

भाची पुण्यात डॉक्टरकी शिकते. थोरल्या बहिणीची मुलगी, आईच्या आजारपणात वाढलेली, त्यामुळं भाबडी अजिबात नाही. तिला मी जवसाचं विचारलं, कारण जवसाची चटणी आमच्या घरात आधीपासूनच आणि मी ती रोज दोन चमचे खायला लागले होते. ती म्हणाली, ‘मावशी, चटणी छान आहे, खा. पण वाफांसाठी नको.’ अमेरिकेत १८८ बायकांवर प्रयोग झालेला. निम्म्यांना जवसाची वडी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनजवसाची. सहा आठवड्यांनी जवसवाल्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त बायकांचा त्रास निम्म्यावर आला. केवढी आनंदाची गोष्ट! फक्त बिनजवसवाल्यांतही तेवढ्याच बायकांचा आला.

सोयाबीनचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. त्यात इस्ट्रोजेनसारखे वागणारे घटक असतात हे खरं. पण त्यांतल्या एकाचं आतड्यातले जंतू आणखी जोरकस रूप बनवतात, आणि ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात. त्यामुळं काही अभ्यासांत थोडा उपयोग दिसतो, काहींत शून्य. इकडं गंमत अशी की कोल्हापूर-सांगलीकडं पावसाळ्यात शिवारंच्या शिवारं सोयाबीननं भरतात आणि घरात त्याचा दाणा शिजत नाही. सगळं तेलाला आणि पेंडीला. मी भिजवून उसळ केली. पहिल्या दिवशी शिट्ट्या कमी पडल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं पोट बोललं. नवरा म्हणाला, ‘तुला वाफा, आम्हाला वारा.’ आता दळणात गव्हाबरोबर थोडं भाजून घालते. प्रथिनं मिळतात. वाफांत माझ्यापुरता फरक नाही.

शतावरीचा डबाही आला होता घरात. ओळखीच्या एका माणसानं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून आणून दिला. डब्यावर ना लायसन नंबर, ना घटकांची यादी, ना तारीख. भाचीनं फोटो बघूनच फेकायला लावला. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतली आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी ७० औषधं तपासली होती; १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शतावरी वाईट नव्हे. डब्यात शतावरीच आहे हे कुणी सांगायचं?

उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज या विषयाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२३ मध्ये हार्मोनशिवायच्या सगळ्या उपायांची छाननी केली. भाचीनं ती यादी मला फोनवर वाचून दाखवली आणि मी जवळजवळ रुसलेच. वाफा कमी करायला म्हणून योगासनं: शिफारस नाही. सावकाश श्वास: नाही. वनस्पती, सोया, गारवा, पथ्यपाणी: नाही, नाही, नाही. बिनऔषधी गोष्टींत पास झाल्या त्या तीन: वजन घटवणं, संमोहन, आणि विचारांची सवय बदलायची ती बोलून करायची उपचारपद्धत. या शेवटच्या पद्धतीवर लंडनमध्ये बायकांवर प्रयोग झालेत. त्यात दिवसाच्या वाफांची संख्या फारशी हलली नाही, पण ‘त्रास किती होतो’ याचा आकडा चांगला खाली आला.

हे मला आधी फसवणुकीसारखं वाटलं. तेवढ्याच वाफा आणि त्रास कमी? म्हणजे काय, सोसायला शिकायचं? मग माझं मलाच आठवलं. वाफ आली की माझ्या मनात काय येत होतं: आता सगळे बघतायत, लाल झालीय मी, समोरच्या पार्टीला वाटत असेल ही काहीतरी लपवतेय. त्या दोन मिनिटांत मी दहावेळा जिभेनं ओठ ओले करायचे, फाइल मागं-पुढं करायचे आणि त्या घालमेलीनं आणखी पेटायचे. एकदा १९ तारखेला, एका हार्डवेअरवाल्याच्या खरेदीची बिलं जुळवताना, माझ्या तोंडातनं सरळ निघून गेलं: ‘दोन मिनिटं थांबा. वाफ आलीय. वयाचं आहे.’ दुकानदार साठीचा. तो घाबरेल असं वाटलं होतं. त्यानं टेबलावरचा जाड पुठ्ठा उचलला आणि मला वारा घालायला लागला. म्हणाला, ‘आमच्या मंडळींचं पण असंच व्हायचं. दुकानात येऊन फ्रिज उघडून उभ्या राहायच्या.’

तो टिपका लालच पडला. पण त्याच्याखाली मी काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखा त्रासच झाला नव्हता.

या सगळ्यातनं जे टिकलं ते सांगते. चहा बशीत ओतून, कोमट करून पिते. लोकांना ते गावंढळ वाटतं, वाटू दे. पॉलिस्टरचे गाऊन भांडीवालीलासुद्धा दिले नाहीत, पुसणी केली. इचलकरंजीचं साधं सुती कापड आणून दोन सैल गाऊन शिवून घेतले. उशाशी तांब्या आणि ओला पंचा. रोज संध्याकाळी रंकाळ्याला चालते, संध्यामठ दिसेपर्यंत फोनला हात लावत नाही. वजन सहा किलो उतरलं आणि त्या वर्षात टिपके खरंच विरळ झाले. त्यातला किती वाटा वजनाचा आणि किती वर्षाचा, ते माझ्या खात्यावरनं सुटं करता येत नाही. भ्रामरी करते. त्यानं वाफ थांबत नाही, पण ती असेपर्यंत मला काहीतरी काम मिळतं. नाचणीची आंबील वाफांसाठी घेत नाही, हाडांसाठी घेते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांतच हाडं भराभर झिजतात. आणि एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावली होती: १२ महिने कोरडे गेल्यावर परत एक थेंब जरी दिसला, तरी गुलकंद-बिलकंद करत बसायचं नाही, सरळ दाखवायला यायचं.

मध्येच एक आठवण, ती बाजूला ठेवता येत नाही. आमच्या एका ट्रॅक्टरवाल्या पक्षकाराचे कागद आणायला हंगामात मी पंचगंगेकाठच्या एका फडावर गेले होते. ऊसतोड करणाऱ्या टोळीतली एक बाई डोक्यावरची मोळी टाकून माझ्या शेजारी पाणी प्यायला बसली. मी पदरानं वारा घेत होते. ती म्हणाली, ‘ताई, पेटतंय का? माझं चार वर्सांपासनं पेटतंय. पिशवी काढली तवापासनं.’ वय विचारलं तर चौतीस. पिशवीबरोबर बीजकोषही काढले की शरीराला सवयीची चार-पाच वर्षं मिळत नाहीत, सगळं एका रात्रीत येतं. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांचा २०१९ मध्ये गाजावाजा झाला, सरकारी समितीही बसली. तिला मी काय सांगणार होते? चहा कोमट करून पी? सुती घाल? तिनं सुतीच घातलं होतं, नवऱ्याचा जुना शर्ट, साडीवरनं. हंगाम चालू होता. ती उठली, मोळी उचलली, गेली.

आता आत्तींचं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७९. आमच्या दोघींत तीस वर्षांत भाजीच्या मिठापलीकडं फारसं बोलणं नाही. भांडणही नाही. नवरा लहानपणीची एक गोष्ट नेहमी सांगतो: आई पहाटे तीनला परसात भांडी घासायची. खडखडाटानं पोरांना जाग यायची. बाबा अभिमानानं पाहुण्यांना सांगायचे, हिला काम केल्याशिवाय झोप लागत नाही. ही गोष्ट मी नवी नवरी असताना मला उदाहरण म्हणून ऐकवली गेली होती, तेव्हा तिच्यावर माझा जरा रागच.

गेल्या मे महिन्यात लाईट गेली होती. मी उठून मागच्या दारात आले. परसातला हौद अजून आहे, दगडी, आता त्यात नळाचंच पाणी. कडेला आत्ती बसलेल्या. म्हाताऱ्या माणसाची झोप सावध असते.

‘आली काय वाफ?’

मी चमकले. त्यांच्यापाशी मी कधी अक्षर काढलं नव्हतं.

‘तीन वर्सं रोज उठतीस. मला काय कळत न्हाई?’ मग जरा वेळानं, ‘मी पण उठायचो.’

आमच्या कोल्हापुरात बायका बोलताना ‘मी जातो, मी येतो’च म्हणतात, मी लिहिताना शाळेतल्या बाईंच्या धाकानं ‘जाते-येते’ लिहिते एवढंच.

‘कुणाला सांगायचं? पोरं झोपल्याली, ह्येंनी झोपल्यालं. नुसतं बसलो तर म्हणतील बाईला काय झालं. मग रात्रीची भांडी मुद्दाम ठेवायचो. राख घ्यायची, काथ्या घ्यायचा. कोपरापातूर हात गार पाण्यात घातलं की उतरायचं.’

मी हौदाकडं बघितलं. कडेचा दगड एका जागी बोटभर खोल झिजलाय. तिथं पावसाचं पाणी साठतं म्हणून आम्ही गवंड्याला दाखवणार होतो.

‘किती वर्षं?’

‘मोजली न्हाईत. तुझ्यागत पाटी कुठली.’ त्यांनी सरकून मला जागा केली. ‘घाल हात.’

मी गाऊनच्या बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात सोडले. अंधारात पाणी दिसत नव्हतं, नुसतं लागत होतं. जाळ कानशिलांवरनं खाली आला, मानेत थांबला, मग गेला. आत्ती काही बोलल्या नाहीत. गल्लीत कुठंतरी इन्व्हर्टर घुमत होता.

सकाळी चहाला त्या स्वयंपाकघरात आल्या, दिनदर्शिकेपाशी उभ्या राहिल्या, चष्मा सरळ केला.

‘रातचा टिपका टाकला न्हाईस?’

मी काळं पेन घेतलं. त्यांनी ते माझ्या हातातनं घेतलं, तारीख शोधली, आणि टिपका स्वतःच टाकला. जरा मोठाच पडला.